दुर्गमतेचा इतिहास : वेल्समधील लानविहांगेल-अ-पेनांट या पॅरिशचा ऐतिहासिक-भौगोलिक अभ्यास

प्रस्तावना

स्थानिक इतिहासलेखनात 'दुर्गम' हे विशेषण फार सहजपणे वापरले जाते. एखादे खेडे डोंगरात वसलेले असले, तेथील लोकसंख्या विरळ असली आणि राजमार्ग त्यापासून दूर असला, की त्या खेड्यास इतिहास नाही अथवा असलाच तर तो मोठ्या घटनांचा पुसटसा पडसाद आहे, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक कितपत टिकते, हे पाहण्यासाठी ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स या देशातील लानविहांगेल-अ-पेनांट या लहान ग्रामीण पॅरिशचा इतिहास व भूगोल प्रस्तुत निबंधात विचारात घेतला आहे. दुर्गमता हा प्रदेशाचा कायमस्वरूपी नैसर्गिक गुणधर्म नसून त्या त्या काळातील सत्ता, ज्ञान व व्यापार यांच्या गरजांच्या संदर्भात ठरणारा एक संबंध आहे, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

'पॅरिश' या संज्ञेचा येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अधिकारातील क्षेत्र. ख्रिस्ती धर्मव्यवस्थेतील हा सर्वांत लहान घटक होय. १५३८ पासून इंग्लंड व वेल्समधील प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवावी असा दंडक घालण्यात आला. १६०१ च्या गरिबांविषयीच्या कायद्याने निर्धनांच्या पोषणाची जबाबदारीही पॅरिशवर आली. त्यामुळे मूळच्या धार्मिक घटकाला मुलकी स्वरूप प्राप्त झाले. आपल्याकडील 'मौजा' हा महसुली घटक. पॅरिश हा धार्मिक घटकातून उत्क्रांत झालेला प्रशासकीय घटक. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकास मात्र दोहोंचे मोल सारखेच आहे, कारण सामान्य माणसाचे नाव कागदावर प्रथम याच पातळीवर उमटते. वेल्समधील मुलकी पॅरिश १९७४ मध्ये रद्द होऊन त्यांच्या जागी 'कम्युनिटी' हा घटक आला. जुन्या पॅरिशच्या व आजच्या कम्युनिटीच्या सीमा नेहमी जुळतात असे नाही, ही गोष्ट आकडेवारी वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

आणखी एक सावधगिरी. याच नावाचे दुसरे एक पॅरिश उत्तरेकडे जुन्या कार्नार्वन परगण्यात आहे. येथे अभिप्रेत असलेले पॅरिश जुन्या मेरिऑनेथ परगण्यातील, म्हणजे सध्याच्या ग्विनेद प्रांताच्या दक्षिण भागातील आहे.

नाव आणि भूमी

वेल्श स्थलनामे बहुधा वर्णनात्मक असतात. 'लान' म्हणजे चर्चभोवतीचे आवार, 'मिहांगेल' म्हणजे देवदूत मायकेल, 'पेन' म्हणजे शिर आणि 'नांट' म्हणजे ओढा किंवा ओढ्याची दरी. 'दरीच्या शिरोभागी असलेले मायकेलचे देवस्थान' असा या नावाचा अर्थ होतो. 'मिहांगेल'चे 'विहांगेल' होते ते वेल्शच्या व्याकरणनियमामुळे. मराठीत विभक्तिप्रत्यय लागताना शब्दाच्या अंत्याक्षरात बदल होतो; वेल्शमध्ये विशिष्ट शब्दानंतर येणाऱ्या शब्दाचे आद्य व्यंजनच बदलते. नावाच्या आरंभीच्या 'ल'चा मूळ वेल्श उच्चार मात्र देवनागरीत नेमका लिहिता येत नाही.

पॅरिशच्या उत्तरेस काडेर इड्रिस हा ८९३ मीटर उंचीचा पर्वत उभा आहे. त्याच्या दक्षिण उतारावरून काडेर नावाचा ओढा खाली येतो व त्याच्या काठी चर्च आणि मोजकी घरे आहेत. येथील दऱ्या हिमनद्यांनी कोरलेल्या असल्याने त्यांचे तळ रुंद व सपाट आणि बाजू एकदम चढत गेलेल्या दिसतात. ईशान्येकडील बाला गावापासून नैर्ऋत्येकडे समुद्रापर्यंत एक मोठा प्रस्तरभंग गेलेला असून त्याच रेषेत टाल-अ-लिन हे सरोवर आहे. प्राचीन काळी कोसळलेल्या प्रचंड दरडीमुळे दरीचे तोंड अडून हे सरोवर तयार झाले. सरोवरातून निघणारी डसनी नदी प्रथम नैर्ऋत्येस वाहते. आबरगनोल्विन या गावापाशी ती एकाएकी वायव्येस वळते, एका अरुंद खिंडीतून शेजारच्या समांतर खोऱ्यात शिरते, काडेर ओढ्याला सामावून घेते आणि पुन्हा नैर्ऋत्येचा मार्ग धरून टाउइन या गावाच्या उत्तरेस समुद्राला मिळते.

नदीचे हे वळण पॅरिशच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यामुळे येथे दोन समांतर खोरी निर्माण झाली. उत्तरेकडील खोऱ्यात चर्च व मध्ययुगीन किल्ला आहे, तर दक्षिणेकडील खोऱ्यातून एकोणिसाव्या शतकातील लोहमार्ग गेला. खालच्या खोऱ्यात क्रेग-अर-आडेरिन, म्हणजे 'पक्ष्याचा खडक', हा सरळसोट कडा आहे. समुद्रापासून सुमारे १० कि.मी. आत असूनही तेथे पाणकावळे घरटी करतात. पूर्वी समुद्राचे पाणी या कड्याच्या पायथ्यापर्यंत येत असावे व पाणी हटले तरी पक्ष्यांनी जागा सोडली नसावी, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

पाऊस भरपूर, जमीन उथळ व आम्लधर्मी आणि उतार तीव्र; त्यामुळे धान्यशेतीस वाव थोडा व पशुपालनास अधिक. दरीच्या तळाशी गवताची कुरणे, वर दगडी गडग्यांनी आखलेली मेंढ्यांची राने आणि त्याहून वर मोकळा डोंगर अशी तीन पट्ट्यांची भूरचना येथे आजही दिसते.

कास्टेल-अ-बेरे : सीमेवरील किल्ला

चर्चच्या नैर्ऋत्येस थोड्याच अंतरावर एका लांबट, अरुंद खडकावर कास्टेल-अ-बेरे या किल्ल्याचे अवशेष आहेत. ग्विनेदचा राजा थोरला लिवेलिन याने १२२१ मध्ये मेरिऑनेथचा प्रदेश आपला पुत्र ग्रिफिद याच्याकडून काढून घेतला व तेथे किल्ला बांधण्यास आरंभ केला, अशी नोंद मध्ययुगीन वेल्श बखरीत आढळते. हा किल्ला कास्टेल-अ-बेरेच होय, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचे बुरूज हे वेल्श राजांच्या दुर्गबांधणीचे वैशिष्ट्य येथे स्पष्टपणे दिसते. १८५० च्या सुमारास जवळच्या पेन्यार्थ येथील जमीनदार व पुराणवस्तूंचे अभ्यासक डब्ल्यू. डब्ल्यू. ई. विन यांनी येथे उत्खनन केले. त्यात सापडलेल्या कोरीव दगडांवरून, वेल्श राजांनी या आडबाजूच्या किल्ल्याच्या सजावटीकडेही विशेष लक्ष दिले होते, हे सिद्ध झाले.

आजच्या नकाशावर हा किल्ला कोठेच जात नसलेल्या रस्त्याच्या टोकाशी दिसतो. तेराव्या शतकात परिस्थिती वेगळी होती. किनाऱ्यावरून डसनीच्या खोऱ्याने वर येऊन काडेर इड्रिसच्या बाजूने डॉल्गेथ्लीकडे जाणारी वाट येथूनच जात असे, आणि ग्विनेदच्या राज्याची दक्षिण सीमाही जवळच होती. तेव्हा हे ठिकाण दुर्गम नव्हते. ते सीमेवरचे नाके होते.

११ डिसेंबर १२८२ रोजी ग्विनेदचा राजा लिवेलिन अप ग्रिफिद मारला गेल्यावर त्याचा भाऊ डाविद याने लढा पुढे चालविला. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या सैन्याने २५ एप्रिल १२८३ रोजी कास्टेल-अ-बेरे ताब्यात घेतला. वेल्श राजांच्या हाती उरलेल्या प्रमुख किल्ल्यांपैकी हा अखेरचा. डाविद तत्पूर्वीच निसटला होता. तो जूनमध्ये पकडला गेला व त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये श्रूजबरी येथे त्यास देहान्ताची शिक्षा देण्यात आली. एडवर्डने किल्ल्याची डागडुजी केली व १२८४ मध्ये त्याच्या पायथ्याशी नगर वसविण्याची सनद दिली.

नगर मात्र रुजले नाही. १२९४-९५ मध्ये माडॉग अप लिवेलिन याच्या नेतृत्वाखाली वेल्शांनी उठाव केला, तेव्हा कास्टेल-अ-बेरेला वेढा पडला. त्यानंतर किल्ला व नगर दोन्ही लवकरच ओस पडले. याच उठावात हार्लेखचा इंग्रज किल्ला टिकून राहिला, कारण त्यास समुद्रमार्गे रसद मिळू शकली. वेल्श राजाचे बळ डोंगरवाटांत होते, इंग्रज राजाचे बळ जहाजांत. सत्तेचे साधन बदलताच तोच खडक, तीच नदी आणि तीच वाट निरुपयोगी ठरली. लानविहांगेलची पहिली 'दुर्गमता' अशा रीतीने तेराव्या शतकाच्या अखेरीस निर्माण झाली.

ग्रंथ, शाळा आणि भाषा

त्यानंतरची सुमारे पाच शतके पॅरिशचे जीवन पशुपालन, लोकरीचे विणकाम व चर्च यांभोवती फिरत राहिले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे जन्मलेल्या दोन व्यक्तींमुळे हे पॅरिश वेल्श भाषेच्या इतिहासात नोंदले गेले.

पहिली व्यक्ती कोशकार विल्यम ओवेन प्यू (१७५९-१८३५). त्यांचे बालपण मेरिऑनेथमध्येच अन्यत्र गेले व १७७६ मध्ये ते लंडनला गेले. जुन्या वेल्श वाङ्मयाचे संकलन असलेल्या 'मिव्हिरियन आर्केऑलॉजी' या १८०१ ते १८०७ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या संपादकांपैकी ते एक होत. त्यांचा वेल्श-इंग्रजी कोश १८०३ मध्ये पूर्ण झाला. त्यांनी सुचविलेली लेखनपद्धती विक्षिप्त होती व त्यांच्या अनेक व्युत्पत्ती पुढील भाषाशास्त्राने त्याज्य ठरविल्या. तथापि शब्दसंग्राहक म्हणून त्यांच्या परिश्रमांचे महत्त्व नाकारता येत नाही.

दुसरी व्यक्ती मेरी जोन्स. तिचा जन्म डिसेंबर १७८४ मध्ये एका गरीब विणकराच्या घरी झाला. तत्कालीन वेल्समध्ये 'फिरत्या शाळा' ही एक उल्लेखनीय संस्था होती. ग्रिफिथ जोन्स या धर्मोपदेशकाने १७३० च्या दशकात ही पद्धती सुरू केली. शिक्षकाने एका खेड्यात काही महिने मुक्काम करून मुलांना व प्रौढांना त्यांच्याच भाषेत वाचन शिकवावयाचे व मग पुढच्या खेड्यात जावयाचे, असे तिचे स्वरूप होते. कायमची शाळा व शिक्षक पोसणे विरळ वस्तीच्या पॅरिशला शक्य नव्हते. फिरती शाळा हे त्या भूगोलाला दिलेले उत्तर होते. बाला येथील टॉमस चार्ल्स यांनी या पद्धतीचे पुनरुज्जीवन केले व आबरगनोल्विन येथील अशाच शाळेत मेरी वाचावयास शिकली.

१८०० मध्ये ही मुलगी सुमारे ४० कि.मी. चालत बाला येथे गेली व तिने टॉमस चार्ल्स यांच्याकडून वेल्श बायबलची प्रत विकत घेतली. या प्रवासाची कथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुस्तकरूपाने जगभर पसरली. त्यात अनवाणी चालणे, प्रती संपल्याचे ऐकून रडू कोसळणे असे तपशील येतात. लोकप्रिय आवृत्तीनुसार याच घटनेतून १८०४ मध्ये लंडन येथे 'ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटी' स्थापन झाली. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे पुरावा व आख्यायिका यांत भेद केला पाहिजे. मेरीने विकत घेतलेली प्रत केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात असून १८०० मधील खरेदीची नोंद तीत आहे. १७९९ च्या वेल्श आवृत्तीच्या प्रती मागणीच्या मानाने अपुऱ्या पडल्या होत्या व डिसेंबर १८०२ मध्ये टॉमस चार्ल्स यांनी लंडनच्या सभेत हा तुटवडा मांडला, हेही निश्चित आहे. मात्र त्या सभेमागे एकट्या मेरीचा प्रवास होता, असे म्हणण्यापेक्षा मेरीसारख्या शेकडो नवशिक्षित वाचकांची मागणी होती, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने या घटनेचे खरे महत्त्व येथेच आहे. राजसत्तेच्या नकाशावरून पुसल्या गेलेल्या एका दरीतील विणकराची मुलगी वाचू शकत होती व पुस्तकासाठी पैसे साठवीत होती. १८४७ मध्ये वेल्समधील शिक्षणाची चौकशी करणाऱ्या, वेल्श न जाणणाऱ्या तीन इंग्रज आयुक्तांनी या देशाच्या अज्ञानाचा ठपका त्याच्या भाषेवर ठेवला. त्यांचे अहवाल वेल्श जनमानसात 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' या नावाने कुप्रसिद्ध झाले. फिरत्या शाळांची परंपरा पाहिली असता त्या निष्कर्षांची एकांगिता लक्षात येते. मेरीने पुढील आयुष्य जवळच्याच ब्रिन-क्रिग येथे काढले. तिचे जन्मघर पडले असून त्या जागी १९०७ मध्ये उभारलेले स्मारक आहे.

पाटीचा दगड, कापूस आणि लोहमार्ग

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या खोऱ्याचे मोल पुन्हा एकदा बदलले व त्यास कारणीभूत ठरली अटलांटिकपलीकडील घटना. आबरगनोल्विनच्या आग्नेयेस ब्रिन एग्लुइस येथे पाटीच्या दगडाची खाण १८४० च्या दशकापासून लहान प्रमाणात चालू होती. माल घोड्यांच्या पाठीवरून डोंगर ओलांडून न्यावा लागे. त्यामुळे उत्पादनाला मर्यादा होती.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तेथील कापसावर अवलंबून असलेल्या लँकेशरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. मँचेस्टरमधील सूतगिरण्यांचे मालक असलेल्या मॅकॉनेल कुटुंबातील विल्यम मॅकॉनेल यांनी आपले भांडवल अन्यत्र गुंतविण्याचे ठरविले व १८६४ मध्ये ब्रिन एग्लुइसची खाण भाडेपट्ट्याने घेण्यात आली. वाढत्या औद्योगिक शहरांतील घरांच्या छपरांसाठी पाटीच्या दगडाला मोठी मागणी होती. १८६५ च्या कायद्याने टाल-अ-लिन लोहमार्गाला मान्यता मिळाली. अवघ्या ६८६ मिलिमीटर रुंदीच्या, टाउइनपासून आबरगनोल्विनपर्यंतच्या सुमारे ११ कि.मी. लांबीच्या या मार्गावर १८६६ मध्ये प्रवासी वाहतूकही सुरू झाली. पांडी व कोर्ट या दोन वाड्यांच्या ठिकाणी खाणकामगारांसाठी घरांच्या रांगा बांधण्यात येऊन आजचे आबरगनोल्विन गाव आकारास आले.

महाराष्ट्रातील इतिहासाच्या अभ्यासकास हा कालखंड परिचित आहे. याच युद्धामुळे, याच वर्षांत, मुंबईच्या कापूस-बाजारात अभूतपूर्व तेजी आली. वऱ्हाड व गुजरातच्या कापसाला सोन्याचे मोल आले, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने समुद्र भरून काढण्याच्या कंपन्या निघाल्या आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच हा डोलारा कोसळला. एकाच टंचाईतून मुंबईत पैशाचा पूर आला व मँचेस्टरचे भांडवल वेल्सच्या डोंगरात शिरले. लानविहांगेल व मुंबई यांच्यात थेट व्यवहार नव्हता. परंतु दोन्ही एकाच जागतिक अर्थव्यवस्थेच्या ताणाखाली आली होती.

मुंबईतील तेजीप्रमाणे खाणीची भरभराटही चिरस्थायी ठरली नाही, मात्र तिचा ऱ्हास संथ होता. उत्कर्षकाळी तेथे सुमारे ३०० माणसे काम करीत. शतकाच्या अखेरीस किमती घसरल्या. उत्तर वेल्समधील पेनरिन खाणीतील १९००-०३ च्या संपामुळे इतर खाणींना तात्पुरता लाभ झाला, पण तो टिकला नाही. १९११ मध्ये स्थानिक संसद-सदस्य हेन्री हेडन जोन्स यांनी खाण व लोहमार्ग विकत घेतले. डिसेंबर १९४६ मध्ये खाणीचा भाग कोसळल्यानंतर ती कायमची बंद झाली. हेडन जोन्स यांनी मात्र आपल्या हयातीपर्यंत तोट्यातील गाडी चालू ठेवली. जुलै १९५० मध्ये त्यांचे निधन झाले.

जतन आणि वस्ती

लोहमार्गाचा शेवट आता अटळ वाटत असतानाच लेखक टॉम रोल्ट यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅम येथे सभा होऊन संरक्षण-संस्था स्थापन झाली. मे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी गाडी पुन्हा सुरू केली. स्वयंसेवकांनी जतन करून चालविलेला हा जगातील पहिला लोहमार्ग मानला जातो. त्याच वर्षी परिसराचा समावेश स्नोडोनिया (एरीरी) राष्ट्रीय उद्यानात झाला. २०२१ मध्ये वायव्य वेल्सच्या पाटी-दगड प्रदेशाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली; ब्रिन एग्लुइसची खाण, आबरगनोल्विन गाव व टाल-अ-लिन लोहमार्ग हे त्याच्या सहा घटकांपैकी एका घटकात येतात.

किल्ला, स्मारक, लोहमार्ग अशी अवशेषांची जपणूक उत्तम प्रकारे होत असता वस्तीचे चित्र मात्र वेगळे आहे. लानविहांगेल-अ-पेनांट कम्युनिटीचे क्षेत्र ५,१५१ हेक्टर असून २००१ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या ४०२ होती. २०११ मध्ये ती ३३९ झाली. दहा वर्षांतील ही घट सुमारे १६ टक्के असून दर चौरस किलोमीटरला सातपेक्षा कमी माणसे असे घनतेचे प्रमाण पडते. पूर्वी सीमारक्षणासाठी, नंतर खनिजासाठी मोलाची ठरलेली ही भूमी आता तिच्या निसर्गसौंदर्यासाठी व भूतकाळासाठी मोलाची ठरली आहे. या नव्या मूल्याने पर्यटक येतात. पण येथे राहणारी, मेंढ्या पाळणारी व वेल्श बोलणारी कुटुंबे त्यातून टिकतात की नाही, हा स्वतंत्र प्रश्न आहे. दगडाचे जतन निधीने व स्वयंसेवेने होऊ शकते. भाषेला मात्र बोलणारी घरे लागतात.

निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सुमारे आठशे वर्षांत या पॅरिशची प्राकृतिक रचना जवळजवळ तीच राहिली; परंतु डोंगरवाटांचे राज्य, समुद्रमार्गांचे साम्राज्य, वाचनप्रसाराची चळवळ, औद्योगिक भांडवल व वारसा-पर्यटन यांनी तिला क्रमाने भिन्न अर्थ दिले. दुसरी, यातील बहुतेक स्थित्यंतरांची कारणे पॅरिशबाहेर होती, तरी स्थानिक समाज केवळ निष्क्रिय नव्हता. फिरत्या शाळांना मिळालेला प्रतिसाद हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. तिसरी, राजाने सनद देऊन वसविलेले नगर अल्पावधीत नाहीसे झाले, तर काही महिन्यांपुरत्या भरणाऱ्या शाळेतून निर्माण झालेली साक्षरता पिढ्यान्‌पिढ्या टिकली. बाहेरून आलेली योजना स्थानिक गरजेशी जुळली तरच ती तेथे मूळ धरते, असे यातून दिसते.

ग्रामेतिहासाचा अभ्यास करताना 'हे गाव दुर्गम होते' या विधानापाशी न थांबता ते कोणासाठी, कोणत्या काळी व कोणत्या कारणाने दुर्गम झाले, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. लानविहांगेल-अ-पेनांटच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर पाच वेळा बदललेले आढळते. जेथे आज ओसाड चौथरे दिसतात अशा कोणत्याही दरीखोऱ्यातील वस्तीला हाच प्रश्न लावून पाहता येईल.